सोनचाफ्याची टाचणी आणि माझे १२,७०० रुपये

लिहायला लाज वाटते आहे. पण मी गप्प बसले तर तो माणूस पुढच्या इमारतीत जाणार, म्हणून लिहिते. जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटाशी टेम्पोतून फुलझाडं विकायला आलेल्या माणसानं मला १२,७०० रुपयांना फसवलं. मी नवखी नाही. पस्तीस वर्षं कुंड्या लावते आहे, राणीच्या बागेतलं फुलझाडांचं प्रदर्शन सहसा चुकवत नाही. तरी फसले.

घरातले अजून म्हणतात, तुला एवढंही कळलं नाही? तर माझी बाजू ऐका. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या आवारात सासूबाईंनी लावलेला सोनचाफा होता. रिडेव्हलपमेंटमध्ये तो गेला. नव्या इमारतीत सहा फुटांची गॅलरी मिळाली, तेव्हापासून कुंडीत येईल असा कलमी सोनचाफा मी शोधत होते. बियांपासून वाढवलेला चाफा फुलायला कित्येक वर्षं घेतो, कलम लवकर फुलतं, एवढं मला ठाऊक होतं. आणि त्या रविवारी टेम्पोच्या अगदी पुढे, पावसात भिजलेली, पिवळीधमक फुलं असलेली दोन रोपं उभी होती.

त्यानं आधी अल्बम दाखवला. निळे गुलाब, एकाच झाडावर सात रंगांचे गुलाब. मी तिथल्या तिथे सुनावलं की गुलाबात निळं रंगद्रव्यच नसतं. जपानी कंपनीनं जनुकं बदलून २००९ मध्ये जो बाजारात आणला, तोही जांभळटच दिसतो. त्यानं ताबडतोब अल्बम मिटला. म्हणाला, "ताई, तुम्हाला झाडांतलं कळतं. हा माल तुमच्यासाठी नाही. तुम्हाला अस्सल कलमं दाखवतो." आता कळतंय की तो अल्बम अर्धवट जाणकारांसाठीच असतो. एक खोटं आपण पकडलं की पुढचं तपासायचं आपण विसरतो.

सोनचाफा १,४५० चा एक, असे दोन, २,९००. बटमोगरा ३५० प्रमाणे तीन, १,०५०. अनंत एक, ५५०. कलमी देशी गुलाब ३०० प्रमाणे चार, १,२००. गांडूळखताच्या तीन गोण्या, ४०० प्रमाणे १,२००. झाले ६,९००. मी भाव केला नाही असं नाही, सोनचाफा त्यानं १,८०० पासून खाली आणला. खाली उभ्या असलेल्या तीन शेजारणींनाही चाफा हवा होता. पुढच्या रविवारी आठ कलमं आणतो म्हणाला, ११,६००, निम्मे आत्ता. ते ५,८०० सुद्धा मीच माझ्या फोनवरून भरले. शेजारणींकडून पैसे अर्थातच घेतले नाहीत, कोणत्या तोंडानं घेणार?

क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं. मी विचारलं. "भावाचं खातं आहे, ताई." मी पिन टाकला. नाव जुळत नसेल तर पिन टाकायचा नाही, हे मी स्वतः माझ्या आईला शिकवलं आहे.

जाताना त्यानं बजावलं, "पंधरा दिवस माती हलवू नका, मुळं दुखावतील." हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं तर रोप तिथेच उपटून बघा. चांगला नर्सरीवाला पिशवी सोडून पांढरी मुळं स्वतः दाखवतो.

आणि आता ती टाचणी. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरी झाडताना चाफ्याचं एक फूल खाली पडलेलं होतं आणि केरसुणीत एक टाचणी आली. मी ती उचलली, ब्लाउजची असेल म्हणून शिवणाच्या डब्यात टाकली आणि फूल देवाला वाहिलं. फुलाच्या देठाला भोक होतं. मी ते पाहिलं होतं. कीड असेल असं वाटलं. पैसे भरून चोवीस तासही झाले नव्हते. त्या क्षणी रोप उपसलं असतं तर हातात फोन होता, व्यवहाराचा नंबर होता. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर जाईल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मी मात्र पुढचे अकरा दिवस त्या काठ्यांना पाणी घालत होते. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला १२,७०० आठवत नाहीत, ती टाचणी आठवते.

बाराव्या दिवशी पानं लोंबली. ओढल्याबरोबर फांदी वर आली, तळाला सुरीनं केलेला तिरपा काप, मूळ एकही नाही. कलमाच्या जागी गुंडाळलेली पट्टी सोडली तर आत सांधाच नव्हता, सरळ फांदी. खऱ्या कलमाला तिथे गाठ दिसते, वरच्या-खालच्या सालीत फरक दिसतो. अनंतही तसाच. गुलाबांपैकी दोन वाळले, दोन जंगली खुंट निघाले, त्यांवर चांगल्या गुलाबाचा डोळा बांधून कलम केलेलंच नाही. गोण्यांत वरचे चार बोटं खत, खाली विटांचा चुरा आणि भुसा. गोणीत हात कोपरापर्यंत घाला. पावसाळ्यातच ही माणसं का येतात, तेही समजलं. दमट हवेत बिनमुळाची फांदीसुद्धा आठ-दहा दिवस हिरवी दिसते.

मोगरे मात्र तिन्ही जगले. मोगऱ्याची काडी पावसात सहज मुळं धरते, यात त्या माणसाची कसली पुण्याई? पण पोलीस ठाण्यात हेच माझ्यावर उलटलं. "तीन जगली ना? माल दिला ना? मग फसवणूक कशी? झाड आहे बाई, मरतं." दोन तास बाकावर बसवून हे ऐकवलं. मी म्हटलं, फुलं टाचणीनं टोचली होती, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? "तुम्ही वकील आहात का?" दुसऱ्या खेपेला विकणाऱ्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी त्याच्या दारात गेले नसते? तिसऱ्या खेपेला सांगितलं की टेम्पो उभा होता तो रस्ता दुसऱ्या हद्दीत येतो. हद्दीचा प्रश्न असला तरी तक्रार झिरो एफआयआर म्हणून, म्हणजे इथे नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायची अशी, घेता येते, हे छापील कागदावर नेऊन दाखवलं तेव्हा कुठे अदखलपात्र नोंदीचा एक कागद हातात आला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. एका सरकारी कचेरीत तर साहेबांनी शांतपणे समजावलं की परवाना फळझाडांच्या रोपवाटिकांना लागतो, फुलझाडांचं आमच्याकडे येत नाही. म्हणजे आंब्याचं कलम खोटं निघालं तर दाद आहे, चाफ्याचं निघालं तर नाही! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लिहावाच लागतो. आमच्या सोसायटीनंही हात वर केले. सीसीटीव्हीचं चित्रण सात दिवसच राहतं आणि वॉचमननं वहीत गाडीचा नंबर न लिहिता फक्त "झाडवाला" लिहिलं होतं.

साठीच्या बाईचे बारा हजार म्हणजे कुणालाच गुन्हा वाटत नाही. दुचाकी चोरीला गेली असती तर निदान पंचनामा झाला असता.

फुललेलं रोप घेऊ नका, कळ्यांचं घ्या आणि एक कळी हलकेच ओढून बघा. दारावर ॲडव्हान्स कधीच नाही. आणि पैसे देण्याआधी गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, तो चिडला तर चिडू दे.

गेल्या रविवारी आमचा दूधवाला सांगत आला की मागच्या गल्लीत तोच टेम्पो उभा आहे. मी चप्पल अडकवून धावले. पोचेपर्यंत तो निघून गेला होता. एक आजी जिन्याशी उभ्या होत्या, हातात पिवळ्या फुलांचं रोप. मी काही न बोलता त्यांच्या हातातून ते घेतलं आणि मातीतून वर ओढलं.