आईसोबत १४ दिवस पाहिलेली वृत्तवाहिनी

पाचपैकी दोन तारे. तेही एका वार्ताहर मुलीमुळे, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

मी ३१ वर्षं अपघात विभागात सिस्टर होते. रक्त, उघड्या जखमा, मोडलेली हाडं यांनी मी हबकत नाही. तेव्हा मी नाजूक मनाची आहे म्हणून हे लिहितेय असं कुणी समजू नये. निवृत्तीनंतर आई माझ्याकडे राहायला आली. तिला विस्मरणाचा आजार आहे, दहा मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. दिवसभर घरात काहीतरी आवाज असावा म्हणून २४ तास बातम्या देणारी ही वाहिनी घेतली.

तिसऱ्याच दिवशी एका अपघाताचं सीसीटीव्हीतलं चित्रण आलं. नऊ सेकंदांचं. ट्रक, दुचाकी, रस्त्यावर पडलेली बाई. ४० मिनिटांच्या बातमीपत्रात ते मी १७ वेळा मोजलं. आधी पूर्ण पडद्यावर, मग निवेदक बोलत असताना अर्ध्या पडद्यावर, मग लाल गोल काढून, मग संथ करून, मागे ढोलाच्या ठोक्यांसारखं संगीत लावून. आईसाठी दर वेळी ती नवीनच बाई होती. "अगं, आणखी एक गेली!" असं म्हणत ती उठायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची, कारण माझी मुलगी दुचाकीवरून कामाला जाते. शेवटी शेवटी तिचे हात थरथरायला लागले. नाडी पाहिली तर ११२. टीव्ही बंद केला आणि तिला जवळ घेऊन बसले.

तिचा आजार वेगळा आहे, मान्य. पण धडधाकट माणसांचंही फारसं निराळं नाही. बॉस्टन मॅरेथॉनमधल्या २०१३च्या बॉम्बस्फोटांनंतर संशोधकांनी साडेचार हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच बातम्या पाहत-वाचत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं स्फोटाशी थेट संबंध आलेल्यांपेक्षाही जास्त दिसली. हे वाचलं तेव्हा मला आईचे ते दाराशी जाणारे पाय आठवले.

"पुढील दृश्यं तुम्हाला विचलित करू शकतात" ही सूचना वाहिनी देते. पण कशी? खाली बारीक अक्षरांत, दोन सेकंद, आणि दृश्य सुरू झाल्यावर. मोठ्याने वाचत कुणीच नाही. आई चष्मा सावरेपर्यंत ट्रक येऊन गेलेला असतो.

चेहरा धूसर करतात हे खरं. पण कपडे, हातातलं घड्याळ, गाडीचा रंग सगळं स्वच्छ दिसतं. किंकाळीचा आवाजही तसाच ठेवतात. घरच्या माणसाला ओळखायला चेहरा लागत नाही. आमच्या विभागाबाहेर भिंतीवर एक टीव्ही होता. एका रात्री बाकावर बसलेल्या बाईने पडद्यावर नवऱ्याची पिवळी बॅग ओळखली. डॉक्टर अजून आतच होते. वाईट बातमी सांगायची आमची एक रीत होती. नातेवाइकांना बाजूच्या खोलीत न्यायचं, बसवायचं, त्यांच्यासोबत कुणी आहे का ते पाहायचं, मग डॉक्टर सांगायचे, तेही हळूहळू. त्या बाईला यातलं काहीच मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली आणि निवृत्त होईपर्यंत परत लावू दिली नाही.

सगळंच झाकून ठेवा असं माझं म्हणणं नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला छळ करून मारलं. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली, छायाचित्रं छापू दिली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने पाहावं, हे त्या माउलीने स्वतः ठरवलं होतं. दुचाकीवरच्या बाईच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का?

आणि चूक झाली तर? २०१२ मध्ये फॉक्स न्यूज या अमेरिकी वाहिनीवर पोलिसांच्या पाठलागाचं थेट प्रक्षेपण एका माणसाच्या मृत्यूपर्यंत गेलं. काही सेकंद उशिराने दाखवायची सोय असूनही चित्र वेळेवर तोडलं गेलं नाही. निवेदक शेपर्ड स्मिथ यांनी त्याच कार्यक्रमात प्रेक्षकांची माफी मागितली. मी या वाहिनीला तारीख आणि सगळ्या १७ वेळा टिपून तक्रार पाठवली. "चेहरा धूसर करण्यात आला होता" एवढं एका ओळीचं उत्तर ११ दिवसांनी आलं. १७ वेळा का, याबद्दल अवाक्षर नाही.

आता ती वार्ताहर. दहाव्या दिवशी पुराची बातमी होती, चार मिनिटांची. तिने मृतदेहांकडे कॅमेरा वळवलाच नाही. एका घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, तिच्याशेजारी ती उभी राहिली. रेघ तिच्या खांद्याच्या वर होती. धोक्याचा इशारा किती वाजता निघाला आणि त्या वस्तीत किती वाजता पोचला, हे तिने लोकांना विचारून सांगितलं. एक आजोबा बोलता बोलता रडायला लागले, तशी तिने माईक खाली घेतला आणि कॅमेरा पाण्याकडे गेला. पुरात काय गेलं ते मला त्या चार मिनिटांत पुरेपूर कळलं. आईही शांतपणे पाहत होती. दोन्ही तारे तिचे. तिला रोज अर्धा तास दिला तर मी ही वाहिनी परत घेईन.

सध्या बंद केली आहे. घरात लहान मूल, आजारी माणूस किंवा नुकतंच कुणी गमावलेलं असेल, तर निदान ही चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

ती दुचाकीवरची बाई वाचली का, हे कळावं म्हणून पुढचे अकरा दिवस मी रोज बातमीपत्र पाहिलं. कुणीच सांगितलं नाही.