सिडनीचं क्वारंटाइन हॉटेल : किटलीला पैकीच्या पैकी, विमान कंपनीला भोपळा

हॉटेलचं नाव देत नाही, कारण ते आम्ही निवडलंच नव्हतं. कोरोनाच्या साथीत, ऑक्टोबर २०२० मध्ये सिडनीला उतरलो, लष्करी गणवेशातल्या पोरांनी बॅगा बसमध्ये चढवल्या, आणि बस कुठे जाणार ते बस थांबल्यावर कळलं. तेव्हा "कुठलं हॉटेल घेऊ?" असं विचारणाऱ्याला या परीक्षणाचा काडीचा उपयोग नाही. पण चौदा रात्री मी त्या खोलीत सासूबाईंबरोबर काढल्यात. मी पडले हिशेबाच्या कामातली, त्यामुळे जेवण ज्या खाकी पिशव्यांतून यायचं त्यांच्यावर रोजच्या रोज नोंदी केल्या. त्या पिशव्या समोर ठेवूनच हे लिहितेय.

सुरुवात मात्र विमानापासून करावी लागेल, कारण खरं अडकणं तिथलं होतं.

फेब्रुवारीत आम्ही दोघी नणंदेच्या बाळंतपणाला लंडनला गेलो होतो. परतीचं तिकीट ९ एप्रिलचं. मार्च संपेपर्यंत ऑस्ट्रेलियानं नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय सोडून बाकी सगळ्यांना सीमा बंद केली. २८ मार्चच्या मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या प्रत्येकाला चौदा दिवस हॉटेलात राहणं सक्तीचं झालं. आमच्याकडे कायमचा व्हिसा, त्यामुळे दार उघडं होतं. सासूबाईंचाही होता हे आमचं नशीब. नसता तर त्या मागेच राहिल्या असत्या, कारण 'जवळचे कुटुंबीय' या व्याख्येत आई-वडील बसत नव्हते. ते बसले थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये. नवरा चालतो, मूल चालतं, आई चालत नाही. ही व्याख्या कुणी केली त्याला सासूबाईंनी फार निवडक शब्द वापरले होते, ते इथे नकोत.

एप्रिलचं विमान रद्द झालं. त्याचं मला काहीच म्हणायचं नाही, सगळ्या जगाचं झालं. जूनची तारीख मिळाली, तीही गेली. मग ४ ऑगस्टची मिळाली. मधल्या काळात मेलबर्नच्या दोन क्वारंटाइन हॉटेलांतून संसर्ग बाहेर पडला, तिथे परदेशी विमानं उतरणं बंद झालं, आणि सगळा भार सिडनीवर आला. सिडनीनं मग माणसं मोजून घ्यायला सुरुवात केली. २० जुलैपासून दिवसाला ३५०, म्हणजे दिवसभरात येणाऱ्या सगळ्या विमानांत मिळून. एकेका विमानाच्या वाट्याला तीसेक माणसं आली. तीनशे खुर्च्यांच्या विमानात तीस माणसं बसवायची तर कुठली तीस बसवाल? ज्यांच्या तिकिटात जास्त पैसे आहेत ती. इकॉनॉमीवाल्यांनी घरी बसायचं. विमानाचं पोट मात्र रिकामं राहायचं नाही, कारण एप्रिलपासून सरकार हवाई मालवाहतुकीला अनुदान देत होतं. ऑस्ट्रेलियाचे लॉबस्टर, सामन मासे वेळेवर परदेशी पोचत होते. आमच्यापेक्षा त्यांचा दर चांगला होता.

हे सगळं मला नंतर वाचून कळलं. तक्रार आहे ती याचीच. कंपनीला हे जुलैतच ठाऊक होतं. आमच्या जागा गेल्याचं आम्हाला कळलं २ ऑगस्टला, निघायच्या ३६ तास आधी, बॅगा बांधून झाल्यावर. मेलमध्ये एकच वाक्य, 'परिचालनाच्या कारणास्तव' छापाचं. फोन लावला. दोन तास दहा मिनिटं होल्डवर. ती पियानोची धून इतक्या वेळा वाजली, की सासूबाई स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता ती गुणगुणायला लागल्या. शेवटी एक मुलगा लाइनवर आला. तो बिचारा जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "मॅडम, तुमचं तिकीट कन्फर्म आहे. प्रवास कन्फर्म नाही."

मी त्याच रात्री त्यांच्या साइटवर तेच विमान शोधलं. बिझनेस क्लासच्या खुर्च्या विकायला होत्या.

पैसे परत मागितले तर म्हणे व्हाउचर घ्या. लंडनहून निघणाऱ्या विमानांना तेव्हा युरोपीय महासंघाचा २६१/२००४ हा नियम लागू होता. विमान रद्द झालं तर सात दिवसांत रोख परतावा, आणि व्हाउचर फक्त प्रवाशानं लेखी मान्य केलं तरच. मी नियमाचा क्रमांक घालून मेल केला. उत्तरात पुन्हा व्हाउचरचीच लिंक. दुसऱ्या मेलला उत्तर नाही. तिसऱ्याला सर्वेक्षण आलं : आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

दुसऱ्या कंपनीचं तिकीट ऑगस्टमध्ये काढलं, १० ऑक्टोबरचं. सव्वापट महाग. पण तिकीट काढतानाच त्यांच्या बाईनं सरळ सांगितलं, "इकॉनॉमीवाल्यांना आम्ही उतरवतो. उतरवलं तर ७२ तास आधी कळवू. कळवलं नाही तर या." एवढंच बोलली. मी फोन ठेवला आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी नीट झोपले. ७ तारखेला दिवसभर फोनकडे बघत बसलो, फोन आला नाही, आम्ही गेलो. विमानात मी डोकी मोजली. इकॉनॉमीच्या आमच्या भागात एकोणीस. सासूबाई चार खुर्च्यांवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "अगं, असा प्रवास असेल तर मी दरवर्षी येईन." या कंपनीला पाचपैकी चार. एक गुण त्या खाऱ्या बिस्किटांचा कापला.

आता हॉटेल.

खोली चांगली होती, खोटं कशाला बोलू. दोन पलंग, एक टेबल, न्हाणीघरात टब. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं, माझी. सासूबाईंची चौदा. खिडकी उघडत नाही. हे वाचायला सोपं वाटतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी काचेच्या कडेला नाक लावून फटीतून वारा येतो का ते बघत होते. खोलीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, मजल्यावर पहारा. फिरायला गच्ची नाही, अंगण नाही, काही नाही. जेवण दाराशी ठेवून टकटक करायचे. मास्क लावायचा, ते लांब गेल्याचा अंदाज घ्यायचा, मग दार उघडून पिशवी आत ओढायची. पहिले दोन दिवस सासूबाई टकटक झाली की "या या" म्हणायच्या.

समोर एका ऑफिसची इमारत होती, पूर्ण रिकामी. आमच्या बरोबर समोरच्या टेबलावर एक कुंडी, त्यात कसलंसं रुंद पानांचं झाड. सगळे घरून काम करणारे, त्याला पाणी घालायला कुणी नाही. सासूबाईंची सकाळ त्या झाडापासून सुरू व्हायची. "आज आणखी एक पान गेलं." अकराव्या दिवशी एक मास्कवाला माणूस आला, कुंडी उचलली आणि घेऊन गेला. पाणी घालायला नेली की फेकायला, यावर आमच्यात दोन दिवस वाद चालला.

जेवणाबद्दल थोडक्यात. भरपूर आणि थंड. खोलीत मायक्रोवेव्ह नाही. आम्ही शाकाहारी लिहून दिलेलं, त्याचा अर्थ त्यांनी पास्ता असा लावला, सलग पाच दिवस. पण इथे किटलीचा विषय येतो, आणि ही किटली मी आयुष्यात विसरणार नाही. साधी, पांढरी, प्लास्टिकची, तळाशी क्षार साठलेली. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी वॉशबेसिनचं बूच लावलं, किटलीभर उकळतं पाणी ओतलं, आणि पास्त्याचा फॉइलचा डबा त्यात तरंगत ठेवला. वरून टॉवेल. दहा मिनिटांत वाफाळता पास्ता. मग त्याच किटलीचा चहा, त्याच किटलीच्या वाफेवर माझा कामाच्या मीटिंगचा शर्ट. चौदा दिवसांत एकदाही बिघडली नाही. पाचपैकी पाच. दुधाच्या छोट्या कुप्या मात्र दोनच यायच्या, आणि रिसेप्शनला फोन करून मागितल्या की आणखी दोन यायच्या. आमचा चहा आठ कुप्यांचा.

तो प्रश्न सोडवला नर्सनं. रोज सकाळी एक नर्स फोन करायची, प्रत्येकीशी वेगळं बोलायची. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का, झोप लागते का, मन कसं आहे. मला हे आधी नाटकी वाटलं होतं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी स्पीकरवर उत्तर दिलं, "नो फीवर. नो कफ. ओन्ली पास्ता." पलीकडे ती बाई इतकी हसली, की तिला पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारावे लागले. सहाव्या दिवसापासून भात यायला लागला, आणि सकाळच्या पिशवीत मोजून दहा कुप्या. कुणाला सांगितलं, कसं सांगितलं, माहीत नाही. माझ्या पिशवीवरच्या नोंदीत त्या दिवशी फक्त 'भात!!' एवढंच आहे.

चाचण्या दोन, दुसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी. दारात खुर्ची ठेवायची, पीपीई किटमधला माणूस येतो, नाकात काडी घालतो, जातो. दुखत नाही, डोळ्यांत पाणी येतं. चौथ्या रात्री शेजारच्या खोलीसमोर हालचाल ऐकू आली. चाकांच्या बॅगा, वॉकीटॉकी, दबके आवाज. पॉझिटिव्ह निघालेल्यांना वेगळ्या ठिकाणी, वैद्यकीय देखरेखीखाली हलवायचे, हे आम्हाला माहीत होतं. ती रात्र आम्ही दोघींनी छताकडे बघत काढली. भिंत एकच, व्हेंट एकच, दोघीही मनात तेच मोजत होतो, आणि दोघीही झोपल्याचं सोंग घेऊन. सकाळी सात दहाला फोन वाजला. नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधी. "तुम्ही रात्री आवाज ऐकले असतील म्हणून लवकर फोन केला. तुमच्या दोघींच्या चाचण्या निगेटिव्ह आहेत. काही बदललं तर मी स्वतः सांगेन." पूर्ण फोन एक मिनिटाचा नसेल. होल्डवरचे दोन तास दहा मिनिटं मला तेव्हा आठवले.

म्हणून हॉटेलला, म्हणजे त्या सगळ्या व्यवस्थेला, पाचपैकी साडेतीन. खिडकीमुळे एक गेला, पास्त्यामुळे अर्धा. एवढ्या कडक बंदोबस्तात चूक व्हायला खूप जागा असतात, मेलबर्ननं ते दाखवलंच होतं. पण ज्याला काही माहीत होतं त्यानं ते आम्हाला वेळेत सांगितलं, आणि जिथे माहीत नव्हतं तिथे "मला माहीत नाही, विचारून सांगते" म्हणाले, आणि खरंच सांगितलं. पहिल्या विमान कंपनीला भोपळा दिलाय तो विमान रद्द केल्याबद्दल नाही.

कुणाला पुन्हा कधी असं कोंडून घ्यायची वेळ आलीच, तर बॅगेत वरच्या कप्प्यात या गोष्टी ठेवा : स्टीलचा चमचा (प्लास्टिकचे चमचे पाचव्या दिवशी माणसाचा अंत बघतात), कपडे वाळत घालायला दोरी, एक्स्टेंशन बोर्ड, आणि स्वतःची उशीची खोळ. चादरी बदलून मिळतात, पण घालायच्या आपणच. आणि दोघं एका खोलीत राहणार असाल तर सकाळचा एक तास एकमेकांशी न बोलण्याचा ठरवून घ्या. हा नियम सासूबाईंनी काढला. मोडला पण त्यांनीच, झाडापायी.

राहिला खर्च. १२ जुलैपर्यंत तिकीट काढलेल्यांना न्यू साउथ वेल्सच्या, म्हणजे सिडनीच्या राज्याच्या, सरकारनं क्वारंटाइनची फी माफ केली होती. आमचं जुनं तिकीट त्याच्या कितीतरी आधीचं. पण ते व्हाउचरवाल्यांच्या घशात अडकलेलं, आणि ज्यावर उडालो ते ऑगस्टचं. त्यामुळे पहिल्या प्रौढाचे ३,००० डॉलर, दुसऱ्याचे १,०००, एकूण ४,०००. रात्रीला साधारण २८६ डॉलर पडले, तीन वेळचं जेवण धरून. सिडनीच्या मानानं हा दर वाईट म्हणता येणार नाही. "म्हणजे मी तुझ्या तिसऱ्या हिश्श्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना ते आवडलेलं दिसलं.

बिल घरी आलं, भरायची मुदत ३० दिवस. विमानाचे पैसे नणंदेनं तिच्या बँकेत चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मिळवायचा अर्ज, टाकल्यावर एकदाचे परत आले, मागितल्यापासून अकरा महिन्यांनी. सरकारी बिल आम्ही एकोणतिसाव्या दिवशी भरलं.