दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातवा महिना लागलेल्या बायांसाठी घरोघरी हे मशीन वापरून आठ महिने झाले. किंमत दीड-दोन हजार. घ्यावं, पण दंडाचंच. मनगटाच्या मशीनचा आकडा हात जरा खाली-वर झाला की बदलतो.

हे मशीन लागतं, कारण आपल्याकडे बीपीचा अंदाज पायाच्या सुजेवरून बांधतात आणि तिथंच फसगत होते. दिवस भरत आले की संध्याकाळी घोटा दाबल्यावर खळगा पडतो, मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर जास्तच. रात्रभर झोपून उठल्यावर सूज उतरत असेल आणि बीपी ठीक असेल, तर घाबरायचं कारण नाही. उलट पायाला जराही सूज नसताना बीपी १५०/१०० निघू शकतं. लक्ष ठेवायचं ते सकाळी डोळ्यांभोवती आलेल्या सुजेवर, अचानक रुतू लागलेल्या बांगड्यांवर आणि आठवड्यात किलोच्या वर वाढलेल्या वजनावर.

मशीनसोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाचा असतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिवणकामाच्या टेपनं दंड मोजा. ३२ च्या वर भरला तर मोठा पट्टा वेगळा घ्या. लहान पट्टा ओढूनताणून बांधला की आकडा खरा असतो त्याहून जास्त येतो.

मोजण्याआधी लघवीला जाऊन यायचं. मग खुर्चीला पाठ टेकवून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं न बोलता बसायचं. आधीचा अर्धा तास चहा नको, मिसरी नको (मिसरी म्हणजे तंबाखूच, ती गरोदरपणात नकोच). ब्लाउजची बाही वर सारल्यावर दंडाला काच बसत असेल तर हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, आणि हात उशीवर छातीच्या उंचीला. मिनिटभरानं परत मोजा, दोन्ही आकडे लिहा. डाव्या कुशीवर आराम करणं चांगलं, पण तसंच पडल्या पडल्या वरच्या हाताचं बीपी मोजलं तर हात छातीच्या वर जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. ही चूक फार होते.

वरचा १४० किंवा खालचा ९० निघाला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लघवीतली प्रथिनं तपासा. १६० किंवा ११० दिसला तर पंधरा मिनिटांत परत मोजा, आणि तेवढाच आला तर १०८ बोलवा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, दम लागणं, यातलं काही असेल तर आकडा कितीही चांगला असो, दवाखाना गाठा. गरोदरपणात बीपी चढण्याच्या या आजारात (प्रीएक्लॅम्पसिया) डिजिटल मशीन कधी कधी कमी दाखवतं. म्हणून नवीन मशीन दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदर बायांच्या तपासणीला सोबत न्या आणि सिस्टरांच्या मशीनशी ताडून बघा.

तक्रारी दोन. सेल उतरले की पट्टा अर्धवट फुगतो आणि मोजणी मध्येच थांबते. दुसरी जास्त त्रासाची: घरातले सगळेच मोजून बघतात, मग मेमरीत सासूबाईंचा आकडा सुनेच्या नावावर दिसतो. वहीच बरी. तारीख, वेळ, दोन्ही आकडे. बाळंतपणाला माहेरी जाताना किंवा ऊसतोडीला निघताना ही वही माता-बाल कार्डासोबत पिशवीत हवी, कारण तिथल्या डॉक्टरांना आधीचं काहीच माहीत नसतं.

सासऱ्यांच्या पाकिटातली बीपीची गोळी देऊ नका. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल बाळाच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. गरोदरपणात लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. सूज उतरावी म्हणून लघवीच्या गोळ्या घेणं, पाणी तोडणं किंवा अळणी जेवणं, तिन्ही नको. लोणचं-पापड कमी केले तरी पुरे. केंद्रातून मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियमच्या गोळ्या रोज घ्या, पण लोहाच्या गोळीसोबत नको, मध्ये दोन तास सोडा.

बाळंतीण घरी आली की मशीन कपाटात जातं. तसं करू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी परत चढतं, झटकेही तेव्हा येऊ शकतात. पहिला आठवडा रोज मोजा, पुढं सहा आठवड्यांपर्यंत सिस्टर सांगतील तसं.