लांबी भरलेल्या टाक्या आणि माझे ६५ हजार

आधीच सांगतो, मी या धंद्यात नवखा नाही. साताऱ्याहून कासच्या रस्त्याला यवतेश्वरचा घाट चढून गेलं की आमची दोन एकर पड जमीन आहे, तिथं तीन वर्षं पेंटबॉल, म्हणजे गॅसच्या गननं रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, चालवतोय. गन मी स्वतः खोलतो, ओ-रिंग (गॅस गळू नये म्हणून बसवतात ती रबरी कडी) स्वतः बदलतो. म्हणूनच फसलो याची जास्त लाज वाटते.

आमच्याकडं सगळं सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांवर चालायचं. पण फुलांच्या हंगामात, ऑगस्ट-सप्टेंबरला, वर धुकं असतं. त्यात पोरांनी धडाधड गोळ्या झाडल्या की बाटली बर्फासारखी गार पडते, प्रेशर ढासळतं आणि गोळी पंधरा पावलांवर गळून पडते. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे परत द्या. उन्हाळ्यात उलटं. बाटली गाडीत राहिली की प्रेशर इतकं चढतं की सेफ्टी डिस्क फुटते. म्हणून दाबून भरलेल्या हवेच्या टाक्यांवर जायचं ठरवलं. त्यात रेग्युलेटर असतो, गनला प्रेशर एकसारखं मिळतं. नव्या घ्यायच्या तर बाहेरून मागवा, कस्टमला अडकवून घ्या. मग जाहिरात दिसली.

कार्बन फायबरच्या चार, ६८ घनइंची, ४५०० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप), प्रत्येकी ९,५००. ॲल्युमिनियमच्या दोन, ३००० च्या, प्रत्येकी ४,५००. वर टेस्टिंगचे प्रत्येकी १,००० आणि भरायची नळी गेजसकट १२,०००. एकूण ६५,०००. पैकी १५,००० ‘बुकिंग’ म्हणून यूपीआयनं आधीच घेतले. ‘दुसरी पार्टी थांबलीय’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, मीही शंभरदा ऐकलंय. तरी पाठवले.

उरलेले ५०,००० रोख. विकणाऱ्याशी गाठ पडली वाढे फाट्यावर, रस्त्याकडेला; टाक्या त्याच्या गाडीच्या डिकीत. तो घाईत. ‘दादा, मला कोल्हापूर गाठायचंय.’

आता ते दोन मिनिटांचं सांगतो, जे मला अजून झोपू देत नाही. ॲल्युमिनियमची टाकी मी हातात घेतली, तिच्या खांद्यावरून, म्हणजे गळ्याखालच्या उतारावरून, अंगठा फिरवला. गुळगुळीत. अरे, प्रत्येक टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे असतात! माझ्या सीओटूच्या बाटल्यांवर आहेत, रोज हाताला लागतात. सोबत भाचा होता, बारावीचं पोरगं. तो म्हणाला, ‘मामा, हिच्यावर नंबर कसा नाही?’ विकणारा लगेच, ‘पावडर कोटिंग केलंय, गंजू नये म्हणून.’ आणि मी मान डोलावली. ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून! माझ्या आईच्या चुलीवरचं पातेलं चाळीस वर्षांत गंजलं नाही. पण मी भाच्याला म्हणालो, ‘तू गप बस, तुला काय कळतंय.’ पन्नास हजार मोजून दिले. दोनदा मोजले, कमी जायला नकोत म्हणून.

बरं, कागद होते ना! सहा सर्टिफिकेटं, शिक्का, सही. कागद बघून माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? घरी येऊन नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. पाण्याच्या दाबाची टेस्ट करतात तेव्हा टाकी किती फुगली ते लिहितात. सहाही टाक्यांचा फुगवटा एकच आकडा. कार्बनचा आणि ॲल्युमिनियमचाही! दोन वेगळ्या जातीच्या टाक्या सारख्याच फुगतील कशा?

साताऱ्यात एवढ्या प्रेशरला भरून देणारा मला कुणी मिळाला नाही, म्हणून पुण्याला गेलो. फायरवाल्यांच्या श्वासाच्या टाक्या भरणारा माणूस. त्यानं ॲल्युमिनियमची एक टाकी उचलली, माझ्याकडं बघितलं, खिशातून किल्ली काढली आणि खांदा खरवडला. रंगाखालून लांबी निघाली, गाडीचा डेंट भरतात ती. लांबीखाली आकडे: ३एएल १८००. म्हणजे सीओटूची बाटली, १८०० पीएसआयची, वर हवेचा रेग्युलेटर बसवलेला. अशा बाटलीची टेस्टच ३००० वर करतात, पाच वर्षांतून एकदा. मी ती रोज ३००० ला भरून कॉलेजच्या पोरांच्या पोटाशी देणार होतो.

कार्बनवाल्यांवर ‘टेस्टेड’चा चकचकीत स्टिकर होता. तो सोलला. खाली छापलेली तारीख २००६ ची. त्या टाक्यांचं आयुष्य बनवल्यापासून पंधरा वर्षं, मग टेस्ट करून घ्या नाहीतर पूजा घाला, त्या भंगारच. खांदा आणि लेबल नखानं खरवडून बघा, विकणारा चिडला तर चिडू दे.

मग पोलीस ठाणं. ‘पेंटबॉल म्हणजे काय? बंदूक? लायसन आहे का?’ फसलो मी आणि जबाब माझाच! पंधरा हजार ऑनलाइन गेले म्हणून सायबर पोलिसांकडं पाठवलं. तिथं म्हणाले, माल हातात मिळालाय, रोख दिलंय, हे ठाण्याचं काम. परत ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. मग साहेब रजेवर. पाचव्या खेपेला साहेब भेटले तर म्हणाले, ‘तुम्ही स्वतः बघून घेतलाय ना? दिवाणी मॅटर आहे, मिटवून घ्या.’ मिटवू कुणाशी? नंबर बंद आहे! वर एकानं विचारलं, ५०० मिलीच्या वरची टाकी गॅस सिलिंडर नियमात येते, नागपूरच्या पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख करणारं सरकारी खातं) मंजुरी आहे का? नव्हती. असली परदेशी टाकी मंजुरीशिवाय भरताच येत नाही हे मला तेव्हा कळलं, मान्य. पण मग विकणाऱ्याला कुणी का विचारत नाही? सहा आठवड्यांत हातात काय, तर अर्जाची पोहोच. वकील म्हणाले ग्राहक आयोगात जाऊ, पण समोरचा म्हणणार धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. पोट भरण्यापुरता स्वतःचा धंदा असेल तर चालतं म्हणे. पण नोटीस पाठवायची कुणाच्या पत्त्यावर?

ऑनलाइन पैसे गेले तर त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी अकरा दिवसांनी केला.

आता परत सीओटूच. रिकामी बाटली काट्यावर ठेवायची, मग भरायची. १२ औंसाच्या बाटलीत ३४० ग्रॅमच्या वर एक ग्रॅम नाही, भरणारा ‘होऊ दे की’ म्हणाला तरी. व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्यावरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारून ठेवा. गनवरून काढताना रेघ तुटलेली दिसली की हात थांबवा. बाटली गनमधून न सुटता व्हॉल्व्हमधून सुटत असते, आणि सुटली की गोळ्यासारखी जाते. हवेची टाकी असेल तर भरायच्या निपलला तेल-ग्रीस बिलकुल नको, दाबानं पेट घेतं.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली. नंबर दुसरा, फोटो तोच, निळ्या ताडपत्रीवर सहा टाक्या. भाच्यानं फोन लावला, मी शेजारी बसून ऐकलं. ‘दादा, दुसरी पार्टी थांबलीय.’ स्क्रीनशॉट आणि नवा नंबर घेऊन ठाण्यात गेलो. म्हणाले, अर्जाला जोडून ठेवा.

कार्बनच्या चारी टाक्यांना ड्रिलनं भोकं पाडली, उद्या कुणी भरू नये म्हणून. ॲल्युमिनियमच्या दोन पोत्यात बांधून ठेवल्यात, पुरावा म्हणून. अजून कुणी बघायला मागितल्या नाहीत.