स्विमिंग पूलची गळती : बादली, खाण्याचा रंग आणि पाण्याखालची पुट्टी — नऊ महिन्यांनंतर

अलिबागजवळ आमची छोटी वाडी आहे, नारळ-सुपारीची. तिथे सहा वर्षांपूर्वी आठ बाय चार मीटरचा पूल बांधला. खोली सव्वाचार ते पाच फूट, म्हणजे साधारण ४५ हजार लिटर पाणी. वाडी बघणारे भाऊ त्याला हौदच म्हणतात. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "ताई, हौदाचं पाणी रोज बोटभर उतरतंय. विहिरीचा पंप लावून लावून कंटाळा आला."

बोटभर ऐकायला किरकोळ वाटतं. पण एवढ्या पूलमध्ये एक सेंटीमीटर उतरला की ३२० लिटर गेले.

पहिला कंत्राटदार आला तो काठावर उभा राहून, पाण्यात हातही न घालता निकाल देऊन गेला. पूल रिकामा करा, टाइल्स फोडा, नव्याने वॉटरप्रूफिंग करा. आकडा लाखांत. आमच्या ह्यांना ते पटलंही होतं, कारण "एकदाच काय ते होऊन जाऊ दे" हा आमच्या घरचा जुना आजार आहे. मी म्हटलं, आधी बादली ठेवून बघू.

बादलीची चाचणी फुकट आहे आणि तिनेच माझे सगळ्यात जास्त पैसे वाचवले. पूलचंच पाणी भरलेली बादली पहिल्या पायरीवर ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करायची, २४ तासांनी दोन्ही मोजायच्या. बादलीत उतरतं ते उन्हा-वाऱ्याचं, त्याहून जास्त जे पूलमध्ये उतरतं ते गळतीचं. पण ही चाचणी दोनदा करा, एकदा पंप नेहमीसारखा चालवून आणि एकदा पूर्ण बंद ठेवून. आमच्याकडे बादलीत दोन्ही दिवशी ६ मिलिमीटर उतरलं. पूलमध्ये पंप चालू असताना २१ आणि बंद असताना १३. म्हणजे एक गळती चोवीस तासांची, दुसरी फक्त पंप चालतो त्या आठ तासांची. टाइल्स फोडल्या असत्या तर ही दुसरी तशीच राहिली असती.

ती सापडली फिल्टरच्या डोक्यावरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणाऱ्या झडपेत. त्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबरी गॅस्केट असतं. ते एका जागी दुमडलं होतं, खाली वाळूचे दोन खडे अडकले होते, आणि फिल्टर चालू असताना थोडं पाणी गुपचूप बॅकवॉशच्या (फिल्टर उलटा धुतल्याचं घाण पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून शोषखड्ड्यात जात होतं. पाइपाचं तोंड पालापाचोळ्याखाली, त्यामुळे दिसलं कुणालाच नाही. त्या बाजूच्या सुपाऱ्या मात्र यंदा फारच टवटवीत होत्या, तेव्हाच शंका यायला हवी होती. गॅस्केट काही शे रुपयांचं. खराब का झालं? पंप बंद न करता व्हॉल्व्हची मूठ फिरवल्यामुळे. फिरवणारी मीच.

चोवीस तासांच्या गळतीने जास्त छळलं. पंप बंद ठेवून पाणी स्किमरच्या (वरचा तरंगता कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाखाली जाऊ दिलं; तिथे थांबलं असतं तर दोष स्किमरचा. थांबलं नाही, त्याच वेगाने उतरत राहिलं. मग स्वयंपाकघरातला लाल खाण्याचा रंग आणि बिनसुईची सिरिंज. यासाठी पाणी अगदी निवांत लागतं. मी गॉगल लावून पायऱ्यांचे सांधे, कोपरे, रिटर्नची (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं ती) तोंडं करत गेले. सगळीकडे रंग नुसता धुरासारखा तरंगत राहिला. एका टाइलच्या तड्यावर आमचा ठाम संशय होता, तो निर्दोष निघाला. पाण्याखालच्या दिव्यापाशी मात्र रंगाची बारीक रेघ झाली आणि फ्रेमच्या फटीतून सर्रकन आत गेली. दिव्याची वायर ज्या पाइपातून वर जाते, त्याचं तोंड बुजवलेलंच नव्हतं.

एमसीबी पाडून फ्रेमचा स्क्रू काढला. आत वायरचं वेटोळं असतं, त्यामुळे दिवा काठावर घेता येतो. पाइपाच्या तोंडात दोन भागांची पाण्याखाली धरणारी इपॉक्सी पुट्टी भरली. तिच्याबद्दल खरं सांगायचं तर पहिल्यांदा ती पाच आठवड्यांत सुटली. दोष पुट्टीचा नव्हता, मी शेवाळाच्या बुळबुळीवरच ती थापली होती. दुसऱ्यांदा तारेच्या ब्रशने खरवडलं, वायरभोवती आधी रबरी बूच बसवलं आणि वरून पुट्टी दाबली. रंग एकजीव होईपर्यंत मळायची, हातमोजे घालूनच. माझ्या नखांत ती आठवडाभर होती. पाण्यात ती लगेच चिकटत नाही, अंगठ्याने दाबून धरावी लागते, आणि श्वास धरून हे करताना आपलं वय कळतं. मेच्या सुरुवातीला लावलेली ही दुसरी खेप अजून टणक आहे.

मधल्या काळात पाण्यात ओतायचं गळतीबंद द्रावणही आणलं होतं. फिल्टर बगल देऊन पाणी फिरवायचं वगैरे सोपस्कार केले. पाणी चार दिवस गढूळ, गळती तशीच. बोटाएवढ्या भोकाला ते काय करणार!

पावसाळ्यात तपासण्यासारखं काही उरत नाही, पूल वरूनच भरून वाहतो. पण कोकणात पूल असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा : जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करू नका, कंत्राटदार कितीही म्हणो. आमच्या विहिरीत जुलैत वाकून हाताने कळशी बुडवता येते, इतकं पाणी वर असतं. ते पाणी रिकाम्या पूलला खालून रेटतं. तळाच्या टाइल्स उखडतात, तडे जातात, आणि कवच होडीसारखं वर उचललं जाऊ शकतं. एरवी आतल्या पाण्याचं वजनच त्याला दाबून ठेवतं. तळाच्या ड्रेनमध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे का, ते बांधणाऱ्याला विचारून ठेवा. आमच्यात नाही, हे मला यंदा कळलं.

जमिनीतला पाइप फुटला असेल तर यातलं काहीच पुरणार नाही. तिथे पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून दाब भरून बघणारा माणूसच लागतो, आणि त्याला पैसे द्यावेत.

आता क्लोरीनही कमी लागतं, कारण रोज नवं पाणी ओतावं लागत नाही. भाऊंनी पायरीवर कायमची पेन्सिलीची खूण करून घेतली आहे. ह्या आठवड्यात बादलीत ५ आणि पूलमध्ये ६ मिलिमीटर. ह्यांचं म्हणणं, तो उरलेला एक मिलिमीटरही शोधायला हवा. सिरिंज मी त्यांच्याच हातात दिली आहे.