ऑपरेटर पाहिजे: विद्यार्थ्यांनी बनवलेल्या नोकरी-ॲपचा चार महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा कारखाना आहे. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी तीन टर्निंग मशीन (सीएनसी लेथ), तशाच प्रकारचे एक मिलिंग मशीन (व्हीएमसी) आणि चौदा माणसे, एवढाच त्याचा पसारा. अशा कारखान्याला माणूस मिळण्याचे मार्ग ठरलेले असतात: फाटकावर ‘ऑपरेटर पाहिजे’ अशी पाटी लावायची, जुन्या कामगाराला गावाकडचे कोणी असेल तर सांग म्हणायचे, आणि तेही जमले नाही तर कंत्राटदाराला फोन करायचा. त्यामुळे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातली चार मुले-मुली आपला प्रकल्प घेऊन कारखान्यात आली, तेव्हा ॲप फोनवर घेतले ते कौतुकापोटी नव्हे. दुसऱ्या पाळीचे मशीन माणसाअभावी बंद होते म्हणून. पुढे त्रुटींविषयीही लिहायचे आहे आणि मुलांचे गुण अजून लागायचे आहेत, त्यामुळे ॲपचे व महाविद्यालयाचे नाव देत नाही.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी सरकारी सोयी नाहीत असे नाही. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले होते. २०१५ पासून केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे रोजगाराचे संकेतस्थळ आहे आणि राज्याचे तसेच महास्वयम् आहे. पण चौदा माणसांच्या कारखान्याला कोणी बंधन घातले नाही आणि आम्हीही आपण होऊन तिकडे वळलो नाही. विद्यार्थ्यांनी नेमकी ही फट हेरली आहे, आणि त्यांच्या कामातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो.

ॲप पूर्ण मराठीत आहे. उमेदवाराकडून बायोडेटा मागितला जात नाही. त्याला दहा-बारा प्रश्न विचारले जातात आणि ते प्रश्न कारखान्यात उभे राहून तयार केलेले दिसतात. आयटीआयचा ट्रेड कोणता, मशीनच्या कोणत्या कंट्रोलवर (संगणक-प्रणालीवर) हात बसला आहे, मशीनवर फक्त जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावता-काढता येतो की नव्या भागासाठी मशीनची जुळवाजुळव, म्हणजे सेटिंगही करता येते, मायक्रोमीटर वाचता येतो का, रात्रपाळी चालेल का, आणि दुसरी पाळी सुटल्यावर घरी जायला स्वतःची दुचाकी आहे का. हा शेवटचा प्रश्न पाहून मी मनोमन दाद दिली, कारण माझ्याकडचे निम्मे ऑपरेटर कामाला कंटाळून नव्हे, तर रात्री परत जायची सोय नाही म्हणून सोडून गेले आहेत. मालकालाही मोकळे सोडलेले नाही. पगाराच्या रकान्यात ‘चर्चेनुसार’ असे लिहिताच येत नाही. आकडा टाकावा लागतो आणि तो भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगार विमा) कापण्यापूर्वीचा की हातात पडणारा, हेही सांगावे लागते. पहिल्या दिवशी मला याचा राग आला होता, हे कबूल केले पाहिजे.

जुळणी कशी करायची यावर मुलांनी बराच विचार केला होता. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी मांडलेली स्थिर जुळणीची पद्धत वापरायची, असे त्यांचे आधी ठरले होते. तिच्यात प्रत्येक उमेदवार आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो, समोरचा आतापर्यंत आलेल्यांतले उत्तम तेवढे धरून ठेवतो, नाकारलेले पुढच्या पसंतीकडे वळतात, आणि शेवटी एकमेकांना सोडून परस्परांकडे जावेसे वाटेल अशी एकही जोडी उरत नाही. शॅप्ली यांना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयातल्या कामासाठी. ही पद्धत प्रवेशफेऱ्यांना शोभते, कारण तिथे सर्वांचे पसंतीक्रम एकाच वेळी हाती असतात. माझ्याकडे मात्र ऑपरेटर सोमवारी सोडून जातो आणि मंगळवारी मशीन रिकामे उभे राहते. म्हणून मुलांनी ती पद्धत बाजूला ठेवून साधी गुणांकनाची रीत घेतली: ट्रेड, मशीन, पाळी, अंतर आणि पगार यांना वेगवेगळे वजन देऊन शंभरपैकी गुण काढायचे. परीक्षकांपुढे नोबेलची गोष्ट अधिक खुलली असती. कारखान्याला उपयोगी पडली ती बेरीज.

या बेरजेतही खोट आहेच. अंतर सरळ रेषेत मोजले जाते, रस्त्याने नाही, त्यामुळे गंगापूर धरणाच्या दोन काठांवरची गावे ॲपला एकमेकांची शेजारीण वाटतात. शब्दांचा घोळ त्याहून मोठा होता. मी ‘टर्नर’, म्हणजे लेथवरचा कारागीर, शोधले तेव्हा चांगली सहा वर्षे लेथवर काम केलेला एक मुलगा यादीत दिसलाच नाही, कारण त्याने कौशल्याच्या रकान्यात ‘लेथ’ एवढेच लिहिले होते. तक्रार केल्यावर मुलांनी मोकळा रकाना काढून आयटीआयच्या ट्रेडची ठरलेली यादी दिली आणि बोलीतले शब्द तिला जोडले. तेव्हापासून शोध बराच सुधारला आहे.

एक त्रुटी मात्र मी गंभीर मानतो. सुरुवातीच्या आवृत्तीत उमेदवाराचा मोबाइल क्रमांक प्रत्येक मालकाला थेट दिसत असे. एका मुलीला कामाशी संबंध नसलेले फोन येऊ लागले तेव्हा कुठे ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचा पायाच संमतीवर आहे. तो अभ्यासक्रमात नसेल, तर मार्गदर्शक प्राध्यापकांनी तरी सांगायला हवा होता. आता उमेदवाराने होकार दिल्याशिवाय क्रमांक दिसत नाही. मालकांची तपासणी अजूनही कच्ची आहे. लघुउद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचा क्रमांक मागतात, पण तो दुसऱ्या कोणाचा टाकला तरी ॲपला कळणार नाही, आणि नोकरीच्या नावाखाली अनामत रक्कम उकळणाऱ्यांना एवढे दार पुरेसे आहे.

चार महिन्यांत मी पाच जागा टाकल्या, एकतीस प्रतिसाद आले आणि तिघे रुजू झाले. त्यांपैकी दोघे अजून टिकून आहेत. फाटकावरच्या पाटीने एवढ्या काळात मला एक माणूस दिला असता. उरलेल्या दोन जागा सेटरच्या होत्या आणि त्या भरल्या नाहीत, कारण अनुभवी सेटर ॲपवर नोकरी शोधत बसत नाही, त्याला दुसरा मालकच येऊन घेऊन जातो.

माझी खरी काळजी मे महिन्यानंतरची आहे. प्ले स्टोअरवर ॲप आणण्यासाठी मुलांनी नोंदणीचे पंचवीस डॉलर भरले, नियमाप्रमाणे ॲप वापरून पाहणारे बारा जण जमवून चौदा दिवस चाचणी घेतली, ही धडपड मी जवळून पाहिली आहे. पण ॲप एकदा चढवले की काम संपले, असे तिथे चालत नाही. ठराविक मुदतीत ते नव्या अँड्रॉइडला जुळवून घेतले नाही, तर नवे फोन घेणाऱ्यांना ते स्टोअरवर दिसेनासे होते, आणि माझ्याकडे येणारे अप्रेंटिस नेमके असेच नवे फोनवाले असतात. निकालानंतर दोघे पुण्याला नोकरीला जाणार आहेत, एकीला पुढे शिकायचे आहे. खात्याचा पासवर्ड कोणाकडे राहणार, असे विचारले तेव्हा चौघांनी एकमेकांकडे पाहिले. महाविद्यालयाने ते खाते पुढच्या तुकडीकडे सोपवावे, असे पत्र मी विभागप्रमुखांना दिले आहे. तोवर रात्रपाळीच्या ऑपरेटरची एक जागा ॲपवर टाकून ठेवली आहे. फाटकावरची पाटीही काढलेली नाही.