कंपनीतल्या वकिलांसाठीचा कोर्स: लोटे-परशुरामच्या कारखान्यात वापरून पाहिल्यावर

कायदा समजून घ्यायला म्हणून हा कोर्स करणार असाल तर पैसे वाचवा. कायदे पुस्तकात आहेत, निकाल न्यायालयाच्या साइटवर फुकट मिळतात. पण कारखान्यात किंवा सरकारी कार्यालयात बसून वकिली करताना कागद कसा लिहायचा आणि तो कोणासमोर कधी ठेवायचा, हे शिकायचं असेल तर फी वसूल होते. कोर्स संपून काही महिने झालेत. त्यातलं काय टेबलावर उरलं आणि काय विसरून गेले ते आता दिसतंय, म्हणून लिहितेय. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि या धाटणीचे कोर्स आता बरेच निघालेत.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात विधी विभाग बघते. विभाग म्हणजे मी, आणि एचआरकडून अर्धा वेळ उसना मिळालेला एक मुलगा. त्याआधी खेड आणि चिपळूणच्या कोर्टात प्रॅक्टिस करत होते. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे प्रॅक्टिस थांबवावी लागते, सनद स्थगित होते. कोट कपाटात जातो हे सगळ्यांना माहीत असतं. बाररूमही जाते, हे मात्र कोणी सांगत नाही. तिथे एखादा ज्येष्ठ वकील चहा पिता पिता तुमचा दावा वाचून ‘हा परिच्छेद काढ’ म्हणायचा, ते शिक्षण होतं. कारखान्यात माझा मसुदा वाचून चूक काढेल असं कोणी नाही. प्लांट हेडला फक्त सही कुठे करायची ते हवं असतं.

आठवड्यात दोन संध्याकाळी ऑनलाइन वर्ग, अधूनमधून मुंबईत शनिवार-रविवार, नऊ महिने. पावसाळ्यात चिपळूणला लाईट गेली की मोबाइलच्या डेट्यावर ऐकायचं; रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी मिळायचं, त्यामुळे फारसं अडलं नाही.

कोर्सचा जीव एका सरावात होता: एका पानाची टीप. दर पंधरवड्याला एक प्रसंग द्यायचे, आपण धंद्यातल्या माणसासाठी एक पान लिहायचं, निवृत्त झालेले एक कंपनी वकील ते तपासून परत पाठवायचे. अटी साध्या. पहिल्या ओळीत उत्तर. मग वाईटात वाईट काय होईल आणि त्याला साधारण किती पैसे लागतील. मग पर्याय, निदान दोन. शेवटी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत ठरवायचं. कलमं हवीत तर पानाच्या मागे. माझी पहिली टीप परत आली तेव्हा पहिले दोन परिच्छेद काट मारून शेजारी लिहिलं होतं, ‘हे न्यायाधीशांसाठी आहे, तुमच्या साहेबांसाठी नाही.’ कोर्टात आपण न्यायाधीशाला पटवायला लिहितो, म्हणून पाया आधी आणि मागणी शेवटी. कारखान्यात वाचणारा माणूस शेवटापर्यंत पोचतच नाही.

याचा उपयोग लगेच झाला. शेजारच्या प्लॉटमधलं गोदाम भाड्याने घेऊन सॉल्व्हंटचे (रसायनं विरघळवणाऱ्या द्रवाचे) ड्रम तिथे ठेवायचे असं स्टोअर्सच्या डोक्यात होतं. पूर्वी मी कारखाने अधिनियमापासून सुरुवात करून पाच पानं दिली असती. या वेळी पहिली ओळ: ‘आत्ता ठेवू नका, सुधारित परवानगी आल्यावर ठेवता येतील.’ त्याखाली तीन मुद्दे. ती जागा आपल्या कारखाना परवान्यात नाही आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातही नाही. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांखाली साठ्याचं प्रमाण मोजलं जातं, ते वाढेल. आणि विम्याच्या पॉलिसीत तो पत्ता नसल्यामुळे आग लागली तर दावा अडेल. तिसरा मुद्दा वाचून प्लांट हेड स्वतः खाली आले. ‘ओ मॅडम, हे पहिल्यांदा बोलायचं नाय का?’ म्हणाले. कलमांचा विषयच निघाला नाही.

आमच्या बॅचमध्ये सरकारी मंडळी बरीच होती, आणि खरं सांगायचं तर व्याख्यात्यांपेक्षा त्यांच्याकडून जास्त मिळालं. जिल्हा परिषदेत विधीचं काम बघणारे एकजण म्हणाले, ‘तुमचं हे एक पान आम्ही वर्षानुवर्षं टिप्पणी म्हणून लिहितोय. प्रकरण, नियम, प्रस्ताव, मान्यतेस सादर.’ बरोबर होतं त्यांचं. फरक एवढाच की टिप्पणीत प्रस्ताव एकच असतो, दुसरा पर्याय लिहिला तर वरचा अधिकारी फाइल ‘चर्चा करावी’ म्हणून परत पाठवतो.

त्यांचं खरं दुखणं मुदतीचं. सरकारवर दावा लावायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. हे दोन महिने प्रश्न मिटवायला दिलेले असतात. प्रत्यक्षात नोटीस आवक-जावकच्या टेबलावरच मुरते आणि विधीच्या माणसाला दाव्याचं समन्स आल्यावर कळतं. अपील उशिरा दाखल केलं तर फाइल फिरत होती हे कारण पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली टपाल खात्याच्या लिव्हिंग मीडिया प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. यावर कोर्सने दिलेलं साधन म्हणजे एक तक्ता: नोटीस आल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, आणि तडजोडीचा अधिकार नक्की कोणाच्या सहीला आहे. तिसऱ्या रकान्यावर बॅचमध्ये तासभर वाद झाला, कारण निम्म्या लोकांना आपल्याच कार्यालयाबद्दल ते सांगता येईना. तो तक्ता मी कारखान्यातही लावलाय.

करारांचं सत्र चांगलं, थोडं घाईचं. दोन गोष्टी तिथून थेट कामात आल्या. आमच्या पर्चेस ऑर्डरवर सगळ्यांनाच ९० दिवसांची उधारी छापलेली होती. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने करार करूनसुद्धा ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. असे थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा विरोधात गेला तर आव्हान द्यायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. लोट्यात फॅब्रिकेशनची कामं करणारे बहुतेक सगळे याच गटात मोडतात, आणि आमच्या अकाउंट्सला त्याची फिकीर नव्हती. दुसरी गोष्ट लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याची. ‘वाद झाल्यास आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील तो एकमेव लवाद’ हे कलम नमुन्यात वर्षानुवर्षं चालत आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर ते टिकत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या करारांनाही तेच लावलं.

मग २०२५ चा नोव्हेंबर आला. १४ तारखेच्या सुमारास डिजिटल वैयक्तिक डेटाचे नियम जाहीर, २१ तारखेपासून चारही कामगार संहिता लागू. त्याआधी ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, की पगारी नोकरीतल्या वकिलाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण नाही. कलम १३४ खाली मर्यादित संरक्षण आहे, पण मालक आणि त्याचा नोकर-वकील यांच्यातल्या पत्रव्यवहाराला ते मिळत नाही. आमच्यासारख्यांच्या रोजच्या कामाच्या मुळाशी जाणारा निकाल! थेट वर्गात त्यावर चर्चा झाली, चांगली झाली. पण या विषयाचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान आधीचं होतं आणि मी शेवटचं पाहिलं तेव्हाही ते तसंच ठेवलेलं होतं. इतकी फी घेणाऱ्यांनी निदान खाली एक ओळ तरी टाकावी. मी माझ्यापुरता बदल केला: प्लांटमध्ये काही घडलं की पहिल्या दिवसापासून बाहेरचे वकील सोबत घ्यायचे, आणि ‘नक्की काय झालं’ आणि ‘यावर सल्ला काय’ हे एका ईमेलमध्ये मिसळायचं नाही. यात लपवाछपवी नाही. अपघाताची वर्दी द्यायची ती द्यावीच लागते.

मुख्य तक्रार म्हणजे हा कोर्स वांद्र्याच्या काचेच्या इमारतीतून दिसतो तेवढाच देश बघतो. पर्यावरणावर एकच व्याख्यान, तेही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालांबद्दल. संमतीपत्रातल्या अटी, सीईटीपीला (सगळ्या कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) जाणारं पाणी, पुण्याच्या हरित लवादासमोरची प्रकरणं, सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन, यातलं काहीच नाही. किनारपट्टीवरच्या माणसाला हे रोज लागतं. कंपन्यांची संगनमतं रोखणाऱ्या स्पर्धा आयोगाची धाड पडली तर काय करायचं याचा मात्र दिवसभराचा नाट्यप्रयोग. लोट्याला स्पर्धा आयोग येत नाही, प्रदूषण मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला येतात.

तरी तो दिवस वाया गेला नाही. त्याच धर्तीवर मी गेटवरच्या सिक्युरिटीसाठी आणि ईटीपीच्या (आमच्या सांडपाणी प्रक्रिया संयंत्राच्या) ऑपरेटरसाठी मराठीत एक कागद केला. जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे नमुना आपल्या माणसासमोर घ्यायचा असतो, आपण मागणी केली तर त्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या. ही पद्धत पाळली नाही तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आमच्या ऑपरेटरला दुसरा भाग मागायचा असतो हे माहीतच नव्हतं.

बाहेरचे वकील निवडण्याच्या सत्रातही उच्च न्यायालय म्हणजे मुंबई एवढंच. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. आमचे सगळे वकील मुंबईच्या फोर्टातले, आणि आता तारखेला कुंभार्ली घाट चढायचा. महाडच्या कारखान्यातली माझी बॅचमेट रायगडची, तिचं मुंबईच राहिलं. तीस-चाळीस मैलांच्या फरकाने दोघींची वकिलांची यादी वेगळी झाली, आणि यावर कोर्समध्ये अवाक्षर नाही.

दोन-तीन वर्षं नोकरीत काढलेल्यांनी हा घ्यावा. कॉलेजातून थेट येणाऱ्यांना सरावातले प्रसंग परके वाटतील. आमच्यातले दोघे तसेच मध्येच गळले. सरकारी कार्यालयात असाल तर आधी खात्याकडे फीची मागणी टाका, बॅचमधल्या दोघांना मंजूर झाली. मला कंपनीने निम्मी दिली. पुढची पातळी म्हणून आणखी एक कोर्स विकायचा प्रयत्न होतो, त्याचा अभ्यासक्रम मागवून पाहिला: त्यात एका पानाची टीप नाही आणि तपासणारे ते गृहस्थही नाहीत. तो मी घेत नाहीये. पहिला घेताना मात्र नोंदणीच्या आधीच विचारा की टिपा कोण तपासणार, आणि रेकॉर्डिंग किती महिने उघडी राहणार.